अकरा थापा आणि एक कपाट

थापाडेमामांना कुणी तोंडावर खोटारडं म्हटलं तर ते मान तुकवून त्याचा स्वीकार करत. पण कुणी 'टेम्परवारी' म्हटलं की त्यांच्या नाकाचा शेंडा लाल व्हायचा. खोटं बोलण्यात त्यांचा हात धरणारं साऱ्या वस्तीत कुणी नव्हतं. टेम्परवारी मात्र एकट्या खोक्यांच्या कारखान्यात एकशे चाळीस होते. माणसाला आपलं वेगळेपण प्यारं असतं, त्याला मामा तरी काय करणार?

एकोणीस वर्षं ते त्या कारखान्यात तात्पुरते होते. दर सहा महिन्यांनी त्यांना एका दिवसापुरतं कामावरून काढत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नवा माणूस म्हणून परत घेत, म्हणजे सलग नोकरीचा हक्क सांगायची सोयच उरायला नको. अशा रीतीने मामा अडतीस वेळा नवीन लागले. अडतीस वेळा त्यांना फाटक कुठं आणि संडास कुठं हे दाखवण्यात आलं. एकदा तर फाटकावरचा वॉचमनच इतका नवा होता, की आधी मामांनी त्याला संडास दाखवला आणि मग त्याने नियमाप्रमाणे मामांना दाखवला. अडतीस वेळा त्यांनी सुरक्षिततेची तीच ती फिल्म पाहिली. तिच्यात हेल्मेट घातलेला एक कामगार सारखा हसत असतो. मामा म्हणायचे, "हसेल नाही तर काय! त्याला हेल्मेट मिळालंय."

कायमवाल्यांना पूर्ण पगार, आजारपणाची रजा आणि हातमोज्यांची जोडी. टेम्परवारींना त्याच यंत्रावर, तेवढेच आठ तास, अर्धा पगार. हातमोजे त्यांनाही मिळत, फक्त तपासणीच्या दिवशी, आणि तपासणारे फाटकाबाहेर पडले की मोजून परत घेतले जात.

यंत्र म्हणजे पुठ्ठा कापणारं दाबयंत्र. सगळे त्याला 'जबडा' म्हणत. वरचं पातं खाली येई आणि पुठ्ठ्याला खोक्याचा आकार देऊन वर जाई. त्याच्या तोंडाशी लोखंडी जाळी असायची. जाळी लावली की हात आत जाणंच शक्य नाही. पण जाळी उघडायची, पुठ्ठा ठेवायचा, जाळी लावायची, यात मिनिटाला आठच खोकी होत; जाळी काढली की चौदा. म्हणून जाळी भिंतीवर खुंटीला टांगलेली असे. दर वर्षी तिला पिवळा रंग मात्र न चुकता मिळायचा. आपल्या कारखान्यात सर्वांत सुरक्षित कोण असेल तर ती जाळी, असं मामांचं मत होतं.

त्या जबड्यानेच सात वर्षांपूर्वी मामांच्या डाव्या करंगळीचं टोक खाल्लं.

फडक्यात हात गुंडाळून त्यांना कल्याणसाहेबांपुढे उभं केलं. हे कामगार कल्याण अधिकारी. कल्याण नक्की कुणाचं, याचा उलगडा पाटीवर नव्हता. साहेब म्हणाले, "हे घरी झालं असं लिहू या. उगाच चौकशी, उगाच भरपाई, आणि मग पुढच्या वेळी तुम्हाला नवीन म्हणून घेताना आम्हालाच अडचण. पटतंय ना? बोला, घरी कसं झालं?"

मामांच्या डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. संतापाने म्हणा, कळ मारत होती म्हणून म्हणा, ते म्हणाले, "पोपट चावला."

त्यांना वाटलं, साहेब हसतील. साहेबांनी लिहून घेतलं. "पोपट पाळलेला की रानटी?" एवढंच विचारलं.

त्या दिवशी मामांना दोन शोध लागले. कागदावर रकाना असला की कचेरीला काहीही चालतं, हा पहिला. आणि आपल्या अंगी जी कला आहे तिची कदर करणारा माणूस अखेर भेटला, हा दुसरा. दुसऱ्या शोधाचा आनंद इतका झाला, की पहिल्या शोधाची लाज वाटायची राहूनच गेली.

कारण कल्याणसाहेबांची कल्पनाशक्ती पोस्टाच्या तिकिटाएवढी. कुणाचा हात सापडला की ते 'घरात पाय घसरला' असं लिहीत, आणि पाय घसरून अंगठा कसा तुटला, हे वरचे साहेब विचारत. मग ते मामांना बोलावू लागले. थंडगार खोली, गादीची खुर्ची, चहा आणि चार बिस्किटं. मामा डोळे मिटून गोष्ट सांगत, साहेब रकान्यात लिहीत. एकाला त्यांनी बायकोचं शिवणयंत्र दिलं, एकाला छताचा पंखा, आणि एका दणकट गड्याला शेजाऱ्याची शेळी. सात वर्षांत अकरा गोष्टी झाल्या, पण एकही दुसरीसारखी नाही. ज्याचं बोट गेलं तो मुकाट सही करी, कारण त्यालाही सहा महिन्यांनी नवीन लागायचं असे.

मामांचा एक नियम होता. माणसाचं नाव विचारायचं नाही. नाव कळलं की गोष्ट रडकी होते, असं ते म्हणत. कागद तर होणारच आहे, मग गरिबाच्या बोटाला निदान चांगली गोष्ट तरी मिळावी, असंही म्हणत, आणि दुसरं बिस्कीट चहात बुडवत.

एका मंगळवारी सकाळी मामा मागच्या बाजूला गठ्ठे बांधत होते. निरोप आला.

"बसा मामा," कल्याणसाहेब म्हणाले. "एक पाहिजे. तातडीची."

"माप सांगा."

"बाई. उजवा हात. दोन बोटं, मधलं आणि त्याच्या शेजारचं."

फॉर्म टेबलावर होता. नावाच्या रकान्यावर नेमका काचेचा पेपरवेट ठेवलेला. मामांनी तिकडे पाहिलंही नाही. नियम तो नियम. त्यांनी डोळे मिटले.

"लोखंडी कपाट," ते म्हणाले. "उभं. दाराला आतून आरसा. बाई कामावर निघायच्या आधी आरशात बघून केस विंचरतेय. एक हात कपाटाच्या कडेवर. खिडकी उघडी. वाऱ्याचा झोत येतो आणि दार धाडकन बंद."

"कपाटाच्या दाराने बोटं तुटतात?"

"आजकालच्या पत्र्याच्या कपाटाने नाही तुटणार साहेब. जुनं, जड लिहा. आणि असं करा, तिच्या आईची आठवण म्हणून ठेवलेलं, असं लिहा. म्हणजे ते कपाट अजून घरात का आहे, हे कुणी विचारणार नाही."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "मामा, तुम्ही चुकून खोक्यांच्या धंद्यात पडलात हो."

मामा फुगून टम्म झाले. चौथं बिस्कीट तोंडात टाकून ते बाहेर आले, तर नळापाशी बायकांचा घोळका. पुठ्ठे मोजणारी धावतच पुढे आली. "मामा, होतात कुठं तुम्ही? शोधून शोधून दमलो. तुमच्या भाचीला दवाखान्यात नेलं. जबड्याने उजव्या हाताची दोन बोटं घेतली."

ते बिस्कीट मामांना गिळवेना आणि थुंकवेना.

सगळा कारखाना त्यांना मामा म्हणायचा, पण तसं म्हणायचा हक्क एकटीलाच होता. बहीण गेली तेव्हा भाची सहा वर्षांची होती. मामांनी तिला एका खोलीत, एका कंदिलाएवढ्या दिव्याखाली आणि सुमारे चार हजार थापांवर वाढवली. आठ महिन्यांपूर्वी त्यांनीच तिला कारखान्यात चिकटवली होती. एकदा नवीन लागून झालं होतं, दुसऱ्यांदा लागायची होती.

दवाखान्यात ती उशीला टेकून बसली होती. उजव्या हाताला पांढरं गाठोडं. डाव्या हातात कल्याणसाहेबांनी सहीला पाठवलेला फॉर्म. मामा दारात घुटमळले.

"ये ना," ती म्हणाली. "ऐक. 'आईची आठवण म्हणून ठेवलेले जुने, जड, लोखंडी कपाट.' मामा, आईची आठवण म्हणून आपल्याकडे एक छत्री आहे. तीही उघडत नाही."

"असं लिहिलंय होय? काय तरी लिहितात लोक."

"लोक नाही. तू. वारा आला की मला कळतं. लहानपणापासून तुझ्या प्रत्येक गोष्टीत खिडकी उघडी असते."

मामा स्टुलावर बसले. टोपी काढली, पुन्हा घातली. "मला काय माहीत, ती तू आहेस म्हणून!"

"आणि मी नसते तर?"

मामांनी डोळे मिटून पाहिले. एरवी डोळे मिटले की काहीतरी यायचंच. आज नुसता अंधार आला.

"मी सही करणार नाही," भाची म्हणाली. "घरी झालं म्हटलं की औषधपाणी माझं, बसलेले दिवस माझे, आणि उद्या त्या जबड्यापुढे दुसरी कुणी उभी. गोष्ट तुझी आहे मामा. मोडायची पण तूच."

तिने डाव्या हाताने कामगार खात्याला अर्ज लिहिला. अक्षरं एकमेकांना टेकून कशीबशी उभी होती, पण उभी होती. कारखान्याने उत्तर धाडलं: अपघात घरीच झाला, कपाटाने झाला, बाई भरपाईच्या लोभाने नाकारते आहे. त्यावर खात्याच्या निरीक्षकबाईंनी सरळ कळवलं, की गुरुवारी अकरा वाजता घरी येऊन कपाट पाहीन.

बुधवारी भाची औषधं आणायला गेली असताना कल्याणसाहेब पहिल्यांदाच मामांच्या घरी आले. खोली पाहून त्यांनी दोनदा मागे वळून दार शोधलं. आपण चुकून पडवीत थांबलो आहोत असं त्यांना वाटलं असावं.

"कपाट कुठं ठेवता येईल?" त्यांनी विचारलं.

"कुठलं कपाट?"

"तुम्हीच सांगितलेलं! जुनं, जड, आरशाचं. उद्या सकाळी पाठवतो. तुम्ही फक्त 'हेच ते' म्हणायचं. कपाट तुम्हालाच राहील. आणि मामा..." साहेब खाली वाकले. "एक तारखेपासून तुम्ही कायम."

आता मामा नंतर सगळ्यांना सांगत, की मी मनातल्या मनात दाराचं माप घेतलं, कपाटाचं माप घेतलं, आणि साहेबांना जाळ्यात ओढायचं म्हणून मुद्दामच 'पाठवा' म्हणालो. ही त्यांची, कपाट धरून, तेरावी थाप. खरं असं, की 'कायम' हा शब्द कानात शिरला आणि दुसऱ्या कानाने बाहेर पडायचं विसरला. ते 'पाठवा' म्हणाले, कारण त्यांना पाठवून हवं होतं. साहेब गेल्यावर तासभर ते भिंतीकडे तोंड करून बसले आणि वरच्या फळीवर काय ठेवायचं याचा विचार करत राहिले. त्यांच्याकडे दोन सदरे होते. एक अंगावर असे. कपाटासाठी उरायचा एक.

भाचीला त्यांनी काही सांगितलं नाही. गुरुवारी सकाळी ती पट्टी बदलायला दवाखान्यात गेली आणि दहाच्या सुमाराला टेम्पो गल्लीत शिरला. कपाट चांगलं हत्तीच्या पिल्लाएवढं होतं. ते उतरवायला दोन हमाल होते. दोघेही पन्नाशीचे आणि दोघेही रोजंदारीवरचे. एकाच्या पायात चप्पल होती, दुसऱ्याच्या तीही नव्हती. मामा आत उभे राहून "या, या, असं तिरकं" म्हणून स्वागत करत होते. कपाट तिरकं आलं, निम्मं दारात शिरलं आणि थांबलं. ते आतही येईना आणि बाहेरही जाईना. आधीच त्या खोलीला एक दार आणि एक खिडकी, आणि खिडकीला गज. दाराचं झालं कपाट. थापाडेमामा स्वतःच्या गोष्टीच्या मागे कोंडले गेले.

"जोर लावा!" बाहेरून कल्याणसाहेब ओरडले.

हमालांनी जोर लावला. कपाट कलंडलं आणि त्याची कड अनवाणी हमालाच्या पायाच्या अंगठ्यापासून चार बोटं अंतरावर जमिनीवर धाडकन आदळली.

"अहो, जरा बघून!" साहेब किंचाळले. "ओरखडा पडेल ना त्याला!"

आणि मामांच्या डोक्यात, कुणी न बोलावता, एक गोष्ट आपोआप सुरू झाली: 'पुरुष. डावा पाय. घरी पाण्याची टाकी हलवताना...' त्यात खिडकीसुद्धा उघडी होती.

अजून अंगठा तुटलाही नव्हता, आणि यांची थाप तयार! आपल्याला चहाची सवय लागली असं ते समजत होते. सवय तर भलतीच लागली होती.

"पाय काढ रे!" ते आतून ओरडले. "आधी पाय काढ! कपाट गेलं खड्ड्यात!"

तेवढ्यात गल्लीत पावलं वाजली. कपाट आणि चौकट यांच्यामध्ये चार बोटांची फट होती. तिला डोळा लावून मामांनी पाहिलं. फायली घेतलेल्या एक ठेंगण्या बाई, आणि त्यांच्या शेजारी गळ्यातल्या झोळीत हात अडकवलेली भाची. भाची कपाटाकडे पाहत होती. रागावली असती तर मामांनी सोसलं असतं. ती नुसती पाहत होती.

निरीक्षकबाईंनी कपाटाला एक फेरी मारायचा प्रयत्न केला, पण फेरी मारायला जागाच नव्हती. "आजोबा आत आहेत का?"

"आहे बाई. दुसरीकडे जाणार कुठं?"

"मला एकच सांगा. हे कपाट आत चाललंय की बाहेर निघालंय?"

कल्याणसाहेब घाईघाईने पुढे झाले. "बाहेर! दुरुस्तीला काढलंय, बिजागरी, म्हणजे त्या दिवसापासून..." आणि फटीशी तोंड नेऊन कुजबुजले, "मामा, बोला ना काहीतरी!"

बोलायला मामांकडे तीन गोष्टी तयार होत्या, त्यातली एक तर फारच सुरेख होती. त्यांनी तिन्ही गिळल्या. घशात त्या मंगळवारच्या बिस्किटासारख्या टोचल्या.

"आत चाललंय बाई," ते म्हणाले. "पहिल्यांदाच. माझ्या घरात कपाट कधीच नव्हतं. पोरीची बोटं जबड्यात गेली, कारण जाळी भिंतीवर टांगलेली असते. कपाटाची गोष्ट मी रचली. चार बिस्किटांवर."

"खोटं बोलतोय तो!" कल्याणसाहेब गरजले. "याचं नावच थापाडे! विचारा कुणालाही!"

बाईंनी विचारलं. गल्ली तोवर जमलीच होती. शिंपी म्हणाला, मामांनी त्याला विहिरीत विमान पडल्याचं सांगितलं होतं. दूधवाला म्हणाला, आजवर खरं म्हणून एक अक्षर ऐकलं नाही. समोरच्या आजी म्हणाल्या, "माणूस सोन्यासारखा हो, पण विश्वास ठेवायचा नाही." मामा आतून ऐकत होते. आयुष्यभर जमवलेली कीर्ती अशी एका दमात वसूल झालेली फार थोड्यांना पाहायला मिळते.

बाईंनी फाईल मिटायला घेतली. भाचीने मान खाली घातली.

"थांबा!" मामांनी कपाटावर मूठ आपटली, तेव्हा ते देवळाच्या घंटेसारखं घुमलं. "मी थापाड्या आहे, याचा पुरावा तर तुमच्या हातातच आहे. कारखान्यातले जुने फॉर्म आणलेत ना? वाचू नका. मी सांगतो, तुम्ही नुसतं बोट ठेवा. पहिला, सात वर्षांपूर्वीचा. करंगळी. पोपट."

फाईल उघडल्याचा आवाज आला. "पाळलेला की रानटी?"

"पाळलेला. साहेबांनी मुद्दाम विचारून घेतलं होतं. दुसरा, अंगठा, बायकोचं शिवणयंत्र, आणि सुई विलायती. तिसरा, पंख्याचं पातं. तो माणूस पलंगावर उभा राहून जळमटं काढत होता. चौथा, सायकलची साखळी. पाचवा, शेळी."

"शेळीचा रंग?"

"काळी. एका कानावर पांढरा ठिपका."

बाई आता फाईल कपाटावरच टेकवून वाचत होत्या. मामा एकेक सांगत गेले, रकाना न् रकाना. कुठल्या गोष्टीत स्वल्पविराम कुठं, हेही सांगितलं असतं. अकरावा संपला तेव्हा बाईंनी कागदावरचं बोट उचललं.

"अकराच्या अकरा," बाई हळूच म्हणाल्या. "शब्दाला शब्द. आणि अकराही घरांत खिडकी उघडी." त्या कल्याणसाहेबांकडे वळल्या. "तुमच्या कामगारांच्या घरी वारा फार दिसतो." मग त्यांनी कपाटाला गुंडाळलेल्या प्लॅस्टिकवर नख मारलं. "आणि आईची आठवण अजून वेष्टनात आहे."

त्यांनी उभ्याउभ्याच जबाब लिहायला घेतला. तिथूनच कारखान्यात फोन लावून जबडा बंद ठेवायला सांगितला, आणि आधी जाळी, मग वीज, असं दोनदा बजावलं. भाचीच्या फॉर्मवरचं 'घरी' त्यांनी लाल पेनाने खोडून 'यंत्रावर' लिहिलं. अकराही फायली पुन्हा उघडणार होत्या. टेम्परवारींना त्याच कामाचा अर्धाच पगार का, हे त्यांनी कल्याणसाहेबांना विचारलं, तेव्हा साहेबांची नजर फटीकडे गेली, सवयीने. फटीतून गोष्ट आली नाही.

"आता तुमचं सांगा आजोबा," बाई म्हणाल्या. "ती करंगळी. खरी कशी गेली?"

मामा फटीशी आले. सात वर्षांत ही गोष्ट त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती. घसा साफ केला. "जाळी नव्हती," ते म्हणाले. "हात आत गेला. दुखलं."

बाहेर पेन थांबलं. "आणखी काही?"

एवढंच? मामांना स्वतःचीच लाज वाटली. सात वर्षांची गोष्ट, आणि तीन ओळीसुद्धा भरेनात! त्यांनी डोळे मिटले. दूरवर कुठंतरी एक खिडकी किलकिली झाली, आणि हिरवे पंख...

फटीतून एक हात आत आला. डावा, पाची बोटं असलेला. त्याने मामांची बाही घट्ट धरली.

"मामा," भाची म्हणाली, "पोपट नको."

"नको," मामा म्हणाले. "बाई, लिहा, आणखी काही नाही."

आणि कपाट निघेपर्यंत, म्हणजे सुतार येऊन चौकट काढेपर्यंत, ते दोघे तसेच उभे होते, एक आत आणि एक बाहेर.